पाच नग आणि एक नमुना

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, आजोबांच्या शर्टावर तुझा मोबाईल नंबर का छापलाय?" मी म्हटलं, मग सांगेन, आणि तिच्या पडलेल्या दाताची चौकशी सुरू केली. प्रश्न सरळ होता, पण उत्तर लांबलचक आहे आणि फोनवर सांगताना माझा आवाज नीट राहणार नाही. म्हणून लिहून पाठवते. तुमचे बाबा म्हणाले, इंग्रजीत लिही, मुलांना सोपं जाईल. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत इंग्रजीच शिकवलं, पण यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली की मलाच ती ओळखू येत नाहीत. तेव्हा आईकडून वाचून घ्या.

आजोबांचा सांगलीत छापखाना होता, हे तुम्हाला माहीत आहे. छापखाना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पुस्तकं येत असतील. पुस्तकं तिथे फार थोडी छापली गेली. कुंडलच्या ऊसवाल्यांच्या घरच्या लग्नपत्रिका, कवठे महांकाळच्या बेदाण्याची खोकी, पेठेतल्या जैन व्यापाऱ्यांच्या कापडी पिशव्या, शाळांच्या गुणपत्रिका, सुट्टीवर आलेल्या फौजींच्या घरच्या वास्तुशांतीची निमंत्रणं, असा तो माल. मी लग्न होऊन आले तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून जुळवायचे दिवस होते. पुढे छोटं ऑफसेट मशीन आलं आणि मागच्या खोलीत स्क्रीनचं, म्हणजे जाळीनं छापायचं, काम सुरू झालं.

गिऱ्हाईक यायचं ते काय छापायचं हे घोकत यायचं. आजोबांचा पहिला प्रश्न वेगळाच असायचा. "कशावर?" कागद असेल आणि हजारांनी असेल, तर ऑफसेट. त्याची प्लेट करायला वेळ जातो, पण मग मशीन थांबत नाही. दहा-वीस कागदांसाठी प्लेट करणं म्हणजे दोघांच्या चहासाठी पातेलंभर आधण ठेवणं. कापड, प्लास्टिक, काच, पत्रा असेल तर जाळी. चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, जिथून शाई उतरायला नको तिथली भोकं बुजवायची आणि उरलेल्यातून रबराच्या पट्टीनं शाई खाली ओढायची. जाळी तीच, पण शाई वेगळी. सुती कापडाची शाई प्लास्टिकला धरत नाही आणि प्लास्टिकची शाई कापडावर पापुद्र्यासारखी सुटते. दुसरा प्रश्न, "किती नग?" आणि तिसरा, "धुणार की पुसणार?" या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय ते मजकुराकडे बघतसुद्धा नसत.

छापखाना विकून आम्ही साताऱ्याला आलो, तुमच्या बाबांनी घेतलेल्या या फ्लॅटमध्ये. आजोबांचं विसरणं त्यानंतर सुरू झालं, की आधीच झालं होतं आणि कामाच्या रेट्यात मला दिसलं नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हेही सांगितलं की हे थांबत नाही, फार तर हळू होतं.

एका सकाळी ते दूध आणायला म्हणून गेले आणि दुपारी लोणंदच्या रेल्वे स्टेशनवर सापडले. त्यांच्या वयाला आता एसटीत तिकीट लागत नाही. खिशात काही नसलं तरी माणूस लांब जाऊ शकतो. लोणंदला ते आमच्या एका जुन्या शेजाऱ्यांना दिसले, म्हणून परत आले. ते शेजारी त्या दिवशी तिथे नसते तर काय, हा विचार करत मी पुढचे कित्येक दिवस काढले.

तेव्हापासून माझ्यापुढे एकच काम होतं. ते कुठेही गेले तरी कुणीतरी मला फोन करावा, एवढंच.

तुमच्या बाबांनी ठावठिकाणा सांगणारं घड्याळ पाठवलं. ते आजोबांनी काढून तांदळाच्या डब्यात ठेवलं. मोबाईल ते घेतच नाहीत. मग मी पत्ता आणि नंबर छापलेली कार्डं करून त्यांच्या खिशात ठेवली. दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी त्यातलं एक मला आणून दाखवलं.

"बाई, तुमच्या मालकांनी दिलं. काय छापायचं आसंल तर या म्हनले."

"आणि तुम्ही घेतलंत?"

"समद्यांनीच घेतलं की. त्या चपलावाल्यालाबी दिलंय. लय गोड बोलत्यात."

छापलेलं कार्ड खिशात ठेवायला नसतं, वाटायला असतं, हे त्यांच्या हाताला पक्कं माहीत होतं. म्हणजे नंबर खिशात ठेवून चालणार नव्हतं. काढता न येणाऱ्या, देऊन टाकता न येणाऱ्या गोष्टीवर तो छापायला हवा होता.

मला कामाची आखणी केल्याशिवाय चैन पडत नाही. मी वही घेतली आणि ते घराबाहेर पडताना अंगावर, हातात काय काय असतं ते लिहिलं. शर्ट, पांढरे, सहा. स्टीलचा छोटा डबा. पाण्याची बाटली. छत्री. चपला. मग शर्ट घेऊन बसस्टँडजवळच्या एका दुकानात गेले. तिथे एक मुलगी कपांवर, उशांवर फोटो छापून देते. हुशार मुलगी आहे. तिनं मला नीट समजावलं की आधी खास कागदावर छापायचं आणि तो कागद तापत्या मशीनखाली कपड्यावर दाबायचा. शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. हाताला काही लागत नाही, जणू कापड तसंच विणलंय. आणि तिनं विचारलं, "आजी, कापड टेरिकॉटच हाय न्हवं? सुतीला ह्ये चालत न्हाई."

मी म्हटलं, "हो, टेरिकॉटचेच."

आमच्या घरात पुरुषांच्या सगळ्या शर्टांना टेरिकॉटचे शर्ट म्हणायची जुनी सवय. आजोबा अजूनही म्हणतात, "माझा टेरिकॉटचा शर्ट दे." प्रत्यक्षात उन्हाळ्यात त्यांना घामोळं येतं म्हणून मीच मागच्या वर्षी सगळे शर्ट सुती आणले होते. वहीत मी रंग लिहिला होता, संख्या लिहिली होती, कापड लिहिलं नव्हतं. एवढी वर्षं छापखानेवाल्याच्या घरात काढून मी 'कशावर' हाच प्रश्न स्वतःला विचारला नाही.

शर्ट आले ते सुरेख दिसले. दुसऱ्या धुण्यानंतर नंबरातले शेवटचे आकडे राखेसारखे झाले, तिसऱ्यानंतर तिथे काही होतं हे मला माहीत होतं म्हणूनच दिसत होतं. मी बाल्कनीत दोरीखाली उभी राहून ते बघत होते. आजोबा आतून आले, त्यांनी शर्टाची बाही दोन बोटांत चुरगाळली आणि म्हणाले, "सुती आहे. ही शाई पॉलिएस्टरची. कुणी केलं हे गाढवपण?"

"एका बाईनं," मी म्हटलं.

त्यांना त्या सकाळी माझं नाव आठवलं नव्हतं. पण कापड आणि शाई त्यांनी दोन बोटांत ओळखली. ज्यांना विचारायचं त्यांनाच मी विचारलं नव्हतं, कारण काय सांगून विचारणार? तुम्ही हरवता म्हणून तुमच्या अंगावर माझा नंबर छापायचाय, असं? मग मी खोटं बोलले. पुढचं सगळं त्या खोट्यातून झालं.

"एक गिऱ्हाईक आलंय," मी म्हटलं.

ते खुर्चीत सरळ बसले. "कुठलं?"

"इथलंच. साताऱ्याचं."

"कशावर छापायचंय?"

मी वही काढली. "स्टीलचा डबा."

"शाई नको. घासणीनं जाते. भांड्यांच्या दुकानात कोरून घ्यायला सांग. पुढे?"

"प्लास्टिकची बाटली."

"किती नग?"

"एक."

"एका बाटलीला जाळी? गिऱ्हाईकाचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे हो."

"मग चिकटपट्टी छापून घे म्हणावं, पाण्यानं न भिजणारी. पुढे?"

"चपला."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "चपलेवर कोण छापतं? देवळात चोरीला जाते म्हणून?"

मी चपला खोडल्या. छत्रीसाठी त्यांनी दांड्याला कोरलेली पितळी पट्टी सांगितली, कारण छत्रीचं कापड ताणतं, दुमडतं आणि छपाईला तडे जातात. मग मी शर्ट म्हटलं. सहा नग, सुती, पांढरे.

"धुणार?"

"रोज."

"किती टिकायला पाहिजे?"

मी वहीचं पान उलटलं.

"अगं, गिऱ्हाईकानं सांगितलं असेल ना? निवडणुकीची टोपी आठवडाभर टिकली तरी पुरते. शाळेचा गणवेश वर्षभर टिकावा लागतो. ह्याला किती?"

"शर्ट घालणारा माणूस असेपर्यंत," मी म्हटलं.

"म्हणजे चांगलं काम पाहिजे," ते म्हणाले. "जाळीनं करू. सुती शाई, वरून इस्त्री. सहा नगांना कुणी हात लावणार नाही. मीच करतो."

मी आणि त्यांनी ते काम चार दिवसांत केलं. त्या चार दिवसांची मला आठवण राहावी म्हणूनही हे लिहिते आहे. जाळीचं कापड आणि शाई मी मागवली, चौकट सुताराकडून आणली. मजकूर त्यांनी विचारला. मी सांगितलं, 'कृपया या नंबरवर फोन करा', आणि खाली नंबर.

"नाव नाही?"

"नाव नको म्हणालेत."

"विचित्र गिऱ्हाईक. आकडे मराठीत करू."

"इंग्रजीत हवेत. हल्लीची मुलं मराठी आकडे अडखळत वाचतात."

"तुझ्या शाळेचा प्रताप," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला टोमणा मारला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली.

त्यांनी जाड कागदातून अक्षरं पात्यानं कापली. चमचा तोंडापर्यंत नेताना थरथरणारा हात तेव्हा थरथरत नव्हता. कापलेला कागद जाळीखाली लावला. आधी रद्दीवर, मग जुन्या उशीच्या अभ्र्यावर एकेक छाप काढला. मग शर्ट पाटावर ताणून धरायचं काम माझं. छाप छातीवर, खिशाच्या वरच घ्यायचा, असं मी म्हटलं होतं. पाठीवर छापलं असतं तर लांबून दिसलं असतं, पण पाठीवर नंबर वागवत फिरावं असे ते गृहस्थ नव्हेत.

"घट्ट धर. हलू नको. श्वास घेतेस तो पाटाला कळतो."

त्यांनी पट्टी एकदाच ओढली. "परत ओढायची नाही. परत ओढली की अक्षर फुगतं." जाळी उचलली तेव्हा माझा नंबर ओला, काळा, स्वच्छ उमटला होता. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता ओळखतील. ते म्हणाले, "'कृपया'तला 'कृ' छान आलाय."

सहाही शर्ट दोरीवर वाळले. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली, म्हणजे शाई भाजून कापडात पक्की बसते. मग त्यांनी घड्या घातल्या, गठ्ठा केला, सुतळी बांधली आणि म्हणाले, "गिऱ्हाईकाला कळव."

दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर मी त्यातला एक शर्ट पुढे केला तर त्यांनी तो घेतलाच नाही. "गिऱ्हाईकाचा माल अंगात घालायचा नसतो. लोक काय म्हणतील?"

मी विनवलं, रागावले, शेवटी रडलेसुद्धा. ते ऐकेनात. जे करायला एवढा खटाटोप केला ते माझ्याच खोट्यानं अडवून धरलं होतं. दोन दिवस ते ट्रंकेतल्या जुन्या, कोऱ्या टेरिकॉटच्या शर्टात होते आणि मी दाराला आतून कुलूप लावून बसले होते. तिसऱ्या दिवशी मला सुचलं. प्रत्येक कामाचा एक नग छापखान्यात ठेवून घेत. पुन्हा तेच काम आलं तर बघायला.

"अहो, नमुना ठेवायचा असतो ना आपल्याकडे?"

ते विचारात पडले. "असतो."

"मग हा नमुना. टिकतो का ते बघायला वापरून, धुऊन पाहायला नको का?"

हे त्यांना पटलं. तेव्हापासून तो एकच शर्ट. सकाळी घालायचा, संध्याकाळी मी धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा. उरलेले पाच कपाटात, सुतळीत. आणि रोज प्रश्न, "गिऱ्हाईक आलं का?" मी रोज म्हणायची, "येतील." कधी म्हणायची, "गावाला गेलेत." एकदा ते चिडले. "माल पडून राहिला की आपलं नाव खराब होतं. तुला काही काळजी नाही."

तुमच्या परीक्षा चालू होत्या त्या आठवड्यातली गोष्ट. गॅसवाला आला होता, दार उघडं राहिलं. टाकी आत ठेवून पावतीवर सही करेपर्यंतचा वेळ. वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. मी जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, स्टँडवर गेले. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "मगाशी गेले की बाई, गठुडं घिऊन." मी घरी परतून कपाट उघडलं. पाच शर्ट नव्हते.

पोलीस चौकीत सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, तुमच्या बाबांना मात्र कळवलं नाही. तिथे तेव्हा पहाट व्हायची होती आणि तो इतक्या लांबून करणार काय? नंबर कोरून आणलेला डबा ओट्यावर होता, बाटली फ्रीजमध्ये, छत्री खुंटीला. अंगावरचा नमुना तेवढा त्यांच्याबरोबर गेला होता. मी फोन हातात धरून बसले. फोन दोनदा वाजला. एकदा विमेवाला, एकदा माझी बहीण. दोघांवरही मी ओरडले.

चारच्या सुमाराला अनोळखी नंबर आला. मी उचलला आणि पलीकडून आजोबांचा आवाज आला. स्वच्छ, कामाचा, पूर्वीचा.

"नमस्कार. बाई, आपला माल तयार आहे. पाच नग आहेत. एक नमुना आमच्याकडे ठेवून घेतलाय. केव्हा येता न्यायला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आपलाच ना हा नंबर? मालावर हाच छापलाय."

"माझाच," मी म्हटलं. "कुठे यायचं?"

"सांगलीला, छापखान्यात. सहापर्यंत आहोत आम्ही."

मग कुणीतरी फोन घेतला. "आवं आजी, मी रंगाच्या दुकानातनं बोलतोय. पूर्वी हितं प्रेस हुती न्हवं, त्याच जागंत. बाबा आल्यात हितं. शर्टावरचा नंबर लावून द्या म्हनले. काय काळजी करू नगा, चा पाजलाय. पर गठुडं काय हातातनं सोडंनात."

शेजाऱ्यांनी गाडी काढली. कराडच्या पुढे रस्त्याचं काम होतं. साडेसहा वाजून गेले तेव्हा आम्ही पोचलो. आजोबा काउंटरपाशी स्टुलावर बसले होते, गठ्ठा मांडीवर. मला बघून ते उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते माझ्यासाठी कधी उठून उभे राहिले नव्हते.

"या. आपणच का फोनवर?"

"हो. उशीर झाला."

"चालायचंच. मोजून घ्या." त्यांनी सुतळी सोडली. मी पाच शर्ट मोजले. "छपाईही बघून घ्या, मग तक्रार नको. इस्त्री नेहमी उलट्या बाजूनं करा." मी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि छान झालंय म्हटलं.

"कुठून आलात?"

"साताऱ्याहून."

"आमची मंडळी साताऱ्यातच असते," ते म्हणाले. मुलांनो, मंडळी म्हणजे बायको. पूर्वीच्या पुरुषांना नाव घ्यायची लाज वाटायची. "एक काम कराल? तिला निरोप द्या. म्हणावं, आज जरा उशीर होईल. जेवून घे, वाट बघत बसू नको."

"सांगते," मी म्हटलं. "घर कुठे?"

त्यांनी सांगायला तोंड उघडलं. दुकानदार पाठ फिरवून फळीवरचे डबे सारखे करायला लागला. आजोबांची बोटं सुतळीची गाठ शोधत राहिली.

"असं करू या का," मी म्हटलं, "गाडी तिकडेच जातेय. तुम्हीच चला, म्हणजे घर दाखवाल."

त्यांनी दुकानभर नजर फिरवली, घड्याळाकडे बघितलं. "चला. पण उशिराचं तुम्ही सांगायचं तिला. फार रागावते ती."

"नाही रागावणार," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत," ते म्हणाले. मी गठ्ठा उचलायला गेले तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "राहू द्या बाई, जड आहे," म्हणाले, आणि गाडीपर्यंत स्वतःच घेऊन आले.